पोरगी म्हणते, "आई, माझ्या अड्ड्यावर चल"

ताई, नमस्कार.

मी बाभूळगाव तालुक्यातली, वय ५२. चार एकर वावर आहे. कापूस, तूर, सोयाबीन. आमचे हे नऊ वर्षांआधी दारूपायी गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही बचत गटाच्या बायांनी मिळून गावातलं देशीचं दुकान आडव्या बाटलीनं बंद केलं. मी पुढं होते. अजूनही आजूबाजूच्या गावात सह्या गोळा करायच्या असल्या की मला बोलावतात.

माझी मोठी पोरगी २७ वर्षांची आहे. मुंबईला नोकरीवर, बांद्र्याला दोन मैत्रिणींसोबत भाड्यानं राहते. सप्टेंबरात तिथं मोत माऊलीची (माउंट मेरीची) जत्रा असते, त्यासाठी ये म्हणते. परवा फोनवर म्हणाली, "आई, एक संध्याकाळ तुला माझ्या अड्ड्यावर नेते. तिथले सगळे तुला पाहायचं म्हणतात." अड्डा म्हणजे काय विचारलं, तर घराजवळचा बार. लहानसा आहे म्हणते, शांत आहे, सगळे ओळखीचे, बायापोरीही बसतात. ती स्वतः घेते का हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण मला समजते.

ताई, झोप गेली. नाही म्हणावं तर पोरगी मनातून तुटते. हो म्हणावं तर ज्या बायांना मी बोट धरून मतदानाला नेलं त्यांना काय तोंड दाखवू? आणि गेलेच तर तिथं आपल्यासारख्या बाईनं करावं काय? कोणतं पातळ नेसावं हेही समजत नाही. हसू नका.

एक आई, जि. यवतमाळ (नाव छापू नका)

बाई,

हसले. पातळाच्या वाक्याला हसले, खोटं कशाला सांगू. पण त्याआधी पत्र दोनदा वाचलं होतं. जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. कसं जायचं आणि काय घरी ठेवून जायचं, हे सांगायला मात्र मला जागा लागेल.

मी आर्वीकडची. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिले त्या पुण्याईनं. म्हणजे आमच्याकडं दुकान नाही, पाटी नाही, आणि दारू कुठं मिळते हे दहावीतल्या पोराला विचारलं तरी तो हात करून दाखवतो. त्यामुळं बंदीवर माझा आंधळा विश्वास नाही. पण बंदी मागणाऱ्या बायांबद्दल मी वावगा शब्द ऐकून घेत नाही. १९९३ ला गडचिरोलीत बंदी झाली, २०१५ ला चंद्रपुरात, आणि चंद्रपूरची २०२१ मध्ये सरकारनं उठवली. मधल्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या अलीकडं तुमच्या वणीत चंद्रपूरच्या पिणाऱ्यांची काय गर्दी असायची, ते यवतमाळच्या बाईला मी काय सांगावं.

आडवी बाटली म्हणजे काय हे सगळ्या वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. आधी गावातल्या २५ टक्के बायांच्या सह्या जमवायच्या. सरकारी माणूस येऊन त्या तपासतो. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मेख पुढं आहे. पडलेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं आडवी पडावी लागतात. जी त्या दिवशी निंदायला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जिला नवऱ्यानं घरातून निघू दिलं नाही, तिची गणती आपोआप उभ्या बाटलीकडं होते. बाई, तुम्ही हे जिंकलात. कोणत्या बारमध्ये एक संध्याकाळ बसल्यानं ते पुसलं जात नाही. आता मुद्द्याचं बोलू.

तुम्ही बंद केलेलं दुकान मी पाहिलं नाही, पण तशी वीस पाहिली आहेत. गजाची खिडकी. आत हात घालायचा, पैसे ठेवायचे, क्वार्टर घ्यायची. बसायला पाट नाही, पाण्याचा ग्लास नाही. भिंतीला पाठ लावून १८० मिली दोन-तीन दमांत खाली. कोणी जिभेवर मीठ ठेवतो, कोणी चिमूटभर चिवडा. बाजाराच्या दिवशी रोजी हातात पडली की तिचा पहिला हिस्सा या खिडकीत. मला आठवते ती तिथली शांतता. कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे घाईत असतात, जसं काही एसटी सुटते आहे. आणि ती घाई नंतर घरी येते, ताटावर, चुलीवर, पोरांच्या पाठीवर. तुमच्याकडं ती किती वर्षं आली ते तुम्ही लिहिलं नाही. मीही विचारत नाही.

पोरगी ज्याला अड्डा म्हणते ती जागा याच्यापासून फार लांब आहे. पण लांब आहे म्हणून पवित्र आहे असं नाही, ते पुढं येईलच.

बांद्रा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल तो नटनट्यांच्या बंगल्यांचा. त्याच्या पोटात जुनी गावठाणं आहेत; रानवार, चिंबई. लाकडी जिन्यांची बसकी घरं, कोपऱ्यावर क्रूस, क्रूसाला झेंडूची माळ. तिथं ईस्ट इंडियन म्हणून ख्रिस्ती लोक राहतात. नावावर जाऊ नका, मुळात हे इथलेच. १८८७ साली राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात त्यांनी ते नाव घेतलं. घरात मराठी बोलतात, त्यांच्या वळणाची, पण तुम्हाला समजेल अशी. म्हाताऱ्या बाया सणाला लुगडं नेसतात. त्यांच्याकडं लग्नात, बारशाला घरची गोडसर, मसाल्याची दारू पाहुण्यांना वाटीभर देतात, आजी देते, सगळ्यांसमोर देते. आपण म्हणू, शहरी थेरं. पण तुमच्याच जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर जा. देवाला मोहाची धार पडल्याशिवाय पूजा होत नाही, आणि म्हातारीही द्रोणातून घोट घेते. तो घोट आणि खिडकीतली क्वार्टर यांना एकच शब्द आहे आपल्याकडं, दारू. भाषेची गरिबी म्हणा किंवा अनुभवाची. ज्या घरात ती फक्त मारायला आली त्या घराला दुसरा शब्द सुचणार तरी कसा?

तर अशा वस्तीतला घराजवळचा बार. पाच-सहा मेजं, भिंतीवर जुने फोटो, कोणाचा तरी काका गल्ल्यावर. लोक कामावरून येतात, तास-दीड तास बसतात, घरमालक, लोकल, क्रिकेट यावर बोलतात आणि पायी घरी जातात. कोणाला नोकरी लागली, कोणाची आई दवाखान्यात आहे, हे तिथं कळते. तुम्ही म्हणाल, आपल्या गावचा पारच झाला. मीही तसंच म्हणणार होते. पण पाराला बिल येत नाही. आणि पारावरून उठलेला माणूस गाडी चालवायला नालायक होत नाही. तेवढं ध्यानात ठेवून उपमा वापरा.

पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं दिसेल, तेच जे यवतमाळच्या स्टँडाजवळ दिसते. गंमत सांगते. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे. कागदावर दारू पिणाऱ्या प्रत्येकाजवळ सरकारी परवाना लागतो, एक दिवसाचा ५ रुपयांना, जन्मभराचा १,००० रुपयांना. आणि तो परवाना कशासाठी दिला असं त्यावर लिहिलेलं असते ठाऊक आहे? आरोग्य राखण्यासाठी! सरकारचा विनोद कधीकधी नाटकवाल्यांच्या तोंडात मारेल असा असतो. कडक बंदी होती त्या काळात बांद्रा-माहीमकडं घराघरात चोरून दारू मिळे आणि ती विकणाऱ्या बाईला सगळे आंटी म्हणत. तीही बहुधा पोरांच्या फीसाठीच विकत असे. वयाचं म्हणाल तर सौम्य बियरला आणि वाइनला २१ पूर्ण लागतात, बाकीच्याला २५. तुमची लेक २७ ची, कायदा तिच्या बाजूनं आहे. तुम्ही लिंबूपाणी पिणार, तुम्हाला कोणताच परवाना नको.

आता माझं सांगते, कारण तुम्ही विचारलं आहे की आपल्यासारख्या बाईनं तिथं करावं काय.

मीही एकदा गेले आहे. नागपूरला, सदरमध्ये, माझ्या भाच्यासोबत. म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा मुलगा. भाऊ माझा दारूनंच गेला. आमच्या घरी त्याला कोणी दारू म्हणत नसे, "त्याची तब्येत बरी नाही" म्हणत. वीस वर्षं त्याची तब्येत दर बाजाराच्या दिवशी बिघडायची. तर हा भाचा शिकला, नागपूरला लागला, आणि एका संध्याकाळी मला म्हणाला, आत्या, चल, मी बसतो ती जागा दाखवतो. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन अशी बसले की जणू प्रेताला आले आहे. वेटरनं लिंबू सोडा आणला. ग्लासाच्या काठाला पांढरं काही लागलेलं होतं. मला वाटलं, ग्लास धुतला नाही नीट. मी पदरानं काठ स्वच्छ पुसून टाकला. ते मीठ होतं, मुद्दाम लावलेलं. वेटर बिचारा पाहत राहिला आणि दुसरा ग्लास घेऊन आला. तो हसला नाही, हे मी अजून विसरले नाही.

भाच्यानं एक बियर मागवली. मी फल्ली खात होते आणि मोजत होते. त्यानं दुसरी मागवली, मी दुसरी मोजली. तो म्हणाला, "आत्या, मोजून झालं का?" मी लाजले. मग तो म्हणाला, "मोज. मीही मोजतो. दोन झाले की मला बाबाच्या चपला दिसतात." ही चपलांची गोष्ट मला माहीत नव्हती. भाऊ रात्री यायचा तो अनवाणी. पहाटे वहिनी या पोराला, सात-आठ वर्षांच्या पोराला, नाल्याकडं पाठवायची बापाच्या चपला शोधायला. कधी दोन्ही सापडायच्या, कधी एक. शाळेत जायच्या आधी. मी त्या घरात येऊन-जाऊन होते, भाऊबीजेला ओवाळत होते, आणि मला हे तीस वर्षांनी एका बारमध्ये कळलं.

म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्या पत्राहून जड वाटली: ती घेते का हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. वडील गेले तेव्हा पोरगी अठराची होती. तुम्हाला वाटते, तिनं काय पाहिलं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई, आपल्या डोळ्यांसमोर पोरं वेगळंच काही पाहत असतात. आणि तिनं तुम्हाला का बोलावलं असेल याचा विचार करा. जिच्या आईनं गावाची बाटली आडवी केली ती पोरगी आईला बारची गोष्ट सहज लपवू शकली असती. जत्रा दाखवून, मोत माऊलीला मेणबत्ती लावून, परत गाडीत बसवून दिलं असतं. तिनं नाही लपवलं. मला तरी यात उद्धटपणा दिसत नाही. मला वाटते तिला तुम्हाला काही दाखवायचं आहे आणि ते घरात बसून दाखवता येत नाही.

तपासणीसाठी जाऊ नका. एवढंच घरी ठेवून जा, तपासणी. मी मोजत होते तशा मोजू नका. आणि मोजलंच, तर लपवू नका.

आता तुमचा राग. तुमच्या पत्रात तो दिसत नाही पण असणारच, आणि तो मला खरा वाटतो. आपल्या गावचा मजूर प्याला तर बेवडा, कंपनीतला पोरगा प्याला तर म्हणे रिलॅक्स होतो आहे. तिथलं बिल तुम्ही पाहाल तेव्हा मनातल्या मनात त्याला निंदणाच्या रोजीनं भागाल, मी भागलं होतं. माझ्या हिशेबात एका संध्याकाळीत एका बाईचा आठवडा गेला होता. बिलात खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असे दोन कर वेगळे दिसतील, म्हणजे सरकारचा हात याही खिडकीत आहेच. हे पोरीला बोलून दाखवा. चिडून नको, पण बोला. तिच्याजवळ याचं उत्तर नसेल, माझ्याजवळही नाही.

आणखी एक, तिथं कोणी "बियर म्हणजे काही दारू नाही काकू" असं म्हणेल. म्हणणारच. त्याला सांगा, ३३० मिलीच्या साध्या बियरच्या बाटलीत जेवढं अल्कोहोल असते ते व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगाहून थोडं जास्तच भरते. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये साफ सांगून टाकलं की दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही, पहिल्या थेंबापासून धोका. सावकाश प्याली, काचेच्या ग्लासातून प्याली, इंग्रजीत बोलत प्याली, तरी लिव्हरला इंग्रजी समजत नाही. हे मी त्या जागेची बाजू घेते असं वाटू नये म्हणून लिहिलं.

पण हे सगळं बारमध्ये काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, तिच्या खोलीवर, चहा करताना, मैत्रिणी कामावर गेल्या की. आणि सुरुवात तिच्यापासून नको, तिच्या बाबांपासून करा. त्यांचं कसं सुरू झालं. तुम्हाला पहिल्यांदा केव्हा भीती वाटली. तुम्ही काय लपवलंत. पोरांना बापाचा शेवट माहीत असतो, सुरुवात कोणी सांगत नाही. आणि व्यसनाचा कल काही अंशी रक्तातून येतो हे डॉक्टर सांगतात, तेव्हा ही सुरुवात माहीत असणं हा तिचा हक्क आहे. मग विचारा. एकटी असताना घेतेस का? कोणाला न सांगता घेतेस का? दुसऱ्या दिवशी कामावर जाणं कधी चुकलं का? आधी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागते का? आठवड्यातून एकदा मैत्रिणींसोबत बसणं आणि रोज सात वाजले की हात थरथरणं यात अंतर आहे, आणि ते अंतर तुमच्याहून जास्त कोण ओळखेल. तिच्या उत्तरात काही टोचलं तर घाबरून घरी ओढून आणू नका. मदत मिळते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट मुंबईत आहेत, तिथं पैसे लागत नाहीत. बहुधा मदतीची गरज लागणार नाही. मुली त्यांच्या बापांसारख्या होतातच असं नाही, कधीकधी त्या बापाच्या चपला पाहत मोठ्या होतात.

गावातल्या बायांचं काय, हा तुमचा खरा घोर आहे.

त्यांना आधी सांगा. आल्यावर नव्हे, जायच्या आधी. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की सांगून टाका: पोरगी बारमध्ये नेणार आहे, मी जाणार आहे, मी पिणार नाही, आल्यावर कसं होतं ते सांगीन. एखादी तोंड वाकडं करेल. एखादी म्हणेल, मलेही ने. पण तुम्ही लपवलंत आणि मग पोरीच्या मैत्रिणीनं स्टेटसला फोटो टाकला, तर तो फोटो धामणगावच्या गाडीआधी गावात पोचेल, आणि मग तुमच्या हातातल्या लिंबाच्या ग्लासाची व्हिस्की व्हायला किती वेळ लागतो? ज्याचं दुकान तुम्ही बंद पाडलं तो माणूस अजून गावातच असेल. त्याला हे आयतं देऊ नका.

गाडगेबाबांची गोष्ट तुमच्या गावात भजन मंडळ असेल तर सगळ्यांना माहीत असेल. बाप झिंगराजी दारूनं गेला. पुढं स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांनी रिवाजाप्रमाणं दारू-मटणाची वाट पाहिली, आणि बाबांनी गोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले. पण बाबांनी त्या लोकांची पंगत सोडली नाही, त्याच पंगतीत आपलं ताट बदललं. गटातल्या एखाद्या बाईनं फारच ताणलं तर ही गोष्ट सांगा, ती गप्प बसेल. नाही बसली तर मला कळवा.

आता जाण्याचं. पोळा झाला, डवरणी-निंदण सरलं आणि सोयाबीन काढणीला अजून वेळ आहे, असे ते दिवस असतात, म्हणजे लेकीनं तारीख वावर पाहूनच ठरवलेली दिसते. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस धरा, रात्री झोपून सकाळी मुंबई. रिझर्वेशन तिच्याकडून मोबाईलवर काढून घ्या, जनरलच्या डब्यात जाऊ नका. जत्रा ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी भरते आणि आठवडाभर चालते. टेकडीवर चढाल तेव्हा मेणाचे हात, पाय, घरं, पाळणे विकायला दिसतील. नवसाचे. ज्याचं जे दुखते ते मेणाचं घेऊन माऊलीला वाहायचं. कोळणी येतात, हिंदू येतात, सगळे येतात. एखादं मेणाचं घर घ्या.

बारला जत्रेच्या शनिवार-रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते आणि कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. मधल्या वारी, सहा-साडेसहाला जा. तेव्हा मेजं रिकामी असतात, आवाज कमी असतो, दिवाही थोडा जास्त असतो. गणपती त्याच सुमाराला आले तर अनंत चतुर्दशीला बार बंद असतात, तो दिवस टाळा. भिंतीकडची जागा घेऊ नका, दाराकडं तोंड करून बसा. येणारे-जाणारे दिसले की छातीवरचं दडपण उतरते. फ्रेश लाइम सोडा मागा, खारा, आणि काठाचं मीठ पुसू नका. खायला चना कोळीवाडा मागा, तिखट असते, आपल्याला चालते; माळ घातली नसेल तर बोंबील फ्राय. बिल पोरीला देऊ द्या. तुम्ही दिलंत तर तिला वाटेल तुम्ही पाहुण्यासारख्या आलात. तिथला काका येऊन विचारेल, कशा आहात, गाव कुठलं. त्याला सांगा की गावातलं दुकान तुम्ही बंद केलं. खरंच सांगा, पोरीसमोर सांगा. माझी पैज आहे, तो खुर्ची ओढून बसेल आणि सह्यांपासून सगळं विचारेल.

नको वाटलं तर अर्ध्या तासात उठा. "मले घरी जायचं आहे" एवढं म्हणायला पोरीची परवानगी लागत नाही. घर पायी आहे, आणि पाय दुखत असतील तर रिक्षा. बांद्र्यापासून पुढं रिक्षा मिळतात, अलीकडच्या मुंबईत नुसत्या टॅक्सी.

पातळ सुती नेसा, रोजचं, निळं किंवा हिरवं. लग्नातलं जरीचं नको. आत ए.सी. असतो, खांद्यावर टाकायला शाल असू द्या. आणि चपला नव्या घालू नका, टेकडी चढायची आहे.